धरलेली जागा

सुप्रीता मिसने स्वानंदीला दंडाला धरून बाजूला केलं आणि ती जिथे उभी होती तिथे एक नारिंगी कोन ठेवला. प्लास्टिकचा, रस्ता खणलेला असला की ठेवतात तसा. “हां, आता परत,” म्हणून तिने शिट्टी फुंकली आणि सराव पुढे सुरू झाला. घडलं ते एवढंच. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही, निदान मोठ्याने तरी नाही. पण मैदानाच्या कडेला सिमेंटच्या पायरीवर बसलेल्या प्रणिताच्या हातातला कॉफीचा कप ओठांपर्यंत येऊन तिथेच थांबला. तिची मुलगी कुंपणाच्या जाळीला टेकून उभी होती, अंगात खेळातल्या जागेची अक्षरं लिहिलेली ती निळी बंडी, गुडघ्यावर मागच्या शनिवारची खपली, आणि तिच्या जागी कोन होता. याहून वाईट म्हणजे कोन आल्यावर खेळ सुधारला. पोरी त्याच्या भोवतीने सुळकन निघून जात होत्या, चेंडू या हातातून त्या हातात पडत होता. प्रणिताला वाटलं, आपण उठावं, त्या मैदानात जावं आणि तो कोन उचलून गटारात फेकावा. तिने कप खाली ठेवला. तोही तिने नीट, सांडणार नाही असा ठेवला, आणि स्वतःच्या या नीटपणाचाही तिला संताप आला.

जयनगरातल्या एका शाळेचं हे मैदान. शनिवार-रविवार सकाळी साडेसातला नेटबॉलचा वर्ग. स्वानंदीच्या वर्गातल्या दोघी जात होत्या म्हणून तीही जायला लागली. प्रणिताचा नवरा शुभंकर म्हणाला होता, बास्केटबॉलला तरी घाला, नेटबॉल कुणाला माहितीय. प्रणितालाही माहीत नव्हता. पण जे. पी. नगरातल्या त्या चौदा मजली इमारतीतून पोरगी आठवड्यातून दोनदा बाहेर पडते, घाम गाळते, एवढं तिला पुरे होतं. मग हळूहळू, काठावर बसून, तिला खेळ कळत गेला. चेंडू हातात आला की पाय उचलून पळायचं नाही. आपटत न्यायचा नाही. तीन सेकंदांत दुसरीला द्यायचा. म्हणजे जिच्याकडे चेंडू आहे ती खिळलेली. खेळतात त्या बाकीच्या. त्यांनी पळून, हुलकावणी देऊन, कुठेतरी मोकळं व्हायचं, की चेंडूवाली त्यांच्याकडे टाकते. प्रणिताला हे फार आवडलं होतं. हिसकाहिसकी नाही, ढकलाढकली नाही. अकरा पोरींतून आज सात जणींची नावं निघणार होती. पुढच्या रविवारी मल्लेश्वरमला दुसऱ्या एका क्लबाशी सामना होता. स्वानंदीने आठवडाभर त्या सामन्याचं नाव काढलं नव्हतं. म्हणजे तिला तो किती हवा होता हे प्रणिताला बरोबर कळलं होतं. ही पोर हवं ते मागत नाही, हव्या गोष्टीभोवती गप्प होते.

“काय गं अक्का, कॉफी गार होऊलालीय की,” शेजारून ठकुबाई म्हणाल्या. त्या स्वानंदीबरोबर खेळणाऱ्या मैत्रेयीच्या आजी. निपाणीकडच्या, पण पन्नास वर्षं बंगळूरात मुरलेल्या. नातीला सोडायला येत आणि तासभर पायरीवर बसून घेवड्याच्या शेंगा सोलत. मैदानात मराठी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी प्रणिताला ‘अक्का’ करून टाकलं होतं, वयाने ती त्यांच्या लेकीपेक्षाही लहान असताना.

“बघितलंत ना तुम्ही?”

“बघितलं की.”

“माणसाच्या जागी कोन ठेवतात?”

“कोन काय उलटून बोलत न्हाई बघ,” ठकुबाई हसल्या. मग प्रणिताचं तोंड बघून त्यांनी हसू आवरलं. “मिस वाईट न्हाई गं. स्वल्प फटकळ हाय. आमच्या मैत्रेयीला म्हटली, तू लग्नाला आल्यागत पळतीस, साडीचा काठ सांभाळत.”

“ते वेगळं. ते बोलणं झालं. हे... हे म्हणजे तिला खोडून टाकणं आहे.”

“मग जाऊन सांग की.”

सांगणारच होती ती. पाणी प्यायची सुटी झाली की जाणार होती. काय सांगायचं ते ती मनात जुळवायला लागली, आणि जुळवताना तिच्या लक्षात आलं की हा राग नुसता आजचा नाही, याला जुना वास येतोय. मागच्या जूनमध्ये ती दोन वर्षांनी कामावर परतली तेव्हा तिच्या टेबलापाशी गेली होती. खिडकीजवळचं, तीन माणसं ओलांडून छापायच्या यंत्रापाशी जाता येईल असं टेबल, जे तिने कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यात, सगळ्यांच्या आधी सकाळी आठला येऊन मिळवलं होतं. तिथे केसांना जेल लावलेला एक मुलगा बसला होता. मॅनेजर गोड हसून हिंदीत म्हणाला, मॅडम, आता कुणाचीच जागा ठरलेली नाही, जो येईल तो बसेल, मोकळं वातावरण आहे. मोकळं! ती त्या मोकळ्या वातावरणात लॅपटॉप छातीशी धरून अर्धा तास फिरत होती, आणि शेवटी जेवणघरात, फ्रीजच्या घरघरीशेजारी बसून तिने पहिला दिवस काढला. त्या दिवशी ती कुणाला काही बोलली नव्हती. घरी येऊन शुभंकरला म्हणाली, छान झाला दिवस. सगळ्यांनी विचारपूस केली. न बोललेलं सगळं पोटात कुठेतरी घडी घालून ठेवलेलं असतं आणि भलत्याच दिवशी, भलत्याच मैदानावर त्याच्या घड्या मोडतात.

तिला जागा धरता येत होती, लहानपणापासून. तेवढी एकच गोष्ट तिला निश्चित येत होती. फलटणच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली की बाबा तिला काखेत धरून उचलायचे आणि खिडकीतून आत सोडायचे, डोकं आधी, मग पाय. मुठीत बाबांचा रुमाल. आत पडल्या पडल्या तिने तीन जणांच्या बाकावर आडवं व्हायचं, हात एका टोकाला, पाय दुसऱ्या टोकाला, मध्ये रुमाल. दाराकडून माणसं लोटत यायची. “ए पोरी, सरक.” “धरलीये जागा.” “कुणासाठी?” “बाबा येतायत.” कोपरं लागायची, पिशव्या डोक्यावरून जायच्या, एकदा एका बाईने तिचा पाय उचलून खाली सोडला होता, तो तिने पुन्हा वर ठेवला. मग बाबा यायचे, घामेजलेले, आईला खिडकीशी बसवायचे आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणायचे, वाघीण आहे माझी. आठ वर्षांची होती ती. बाकाच्या रेक्झिनचा, डिझेलचा, बाबांच्या रुमालातल्या तंबाखूचा वास, आणि हलायचं नाही, काही झालं तरी हलायचं नाही, हे शरीरात गच्च बसलेलं. पुढे वाचनालयात ती पहाटे वही ठेवून यायची. स्वानंदीच्या शाळेच्या प्रवेशाला साडेचारला रांगेत उभी राहिली, पहिली. जग कुणाला काही देत नाही. आधी पोचायचं, पाय रोवायचे.

आणि हेच तर तिने...

शेंगा सोलण्याचा टकटक आवाज येत होता. मैदानात सुप्रीता ओरडत होती, “जागा भरू नका! रिकामी ठेवा, रिकामी! चेंडू निघाला की पोचा!” हे ती दर शनिवारी ओरडायची. प्रणिताने ते दर शनिवारी ऐकलं होतं, पंख्याचा आवाज ऐकावा तसं. आज पहिल्यांदा ते शब्द एकेक करून तिच्यापर्यंत आले. तिने बघितलं, मैत्रेयी एका कोपऱ्याकडे धावत सुटली, अडवणारी मुलगी तिच्यामागे गेली, आणि त्या दोघी गेल्यामुळे मधला तुकडा उघडा पडला, एक क्षणभर, उन्हाच्या चौकोनासारखा. तिसरीच कुणी मागून आली आणि त्या चौकोनात ती आणि चेंडू एकाच वेळी पोचले. तिथे आधीपासून कुणी उभी असती तर? तर तिला अडवणारीही तिथेच येऊन उभी राहिली असती. मग दोघी, गर्दी, चौकोन बुजलेला.

महिन्यापूर्वी, इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या त्या फरशीच्या मोकळ्या गच्चीवर, कुंड्यांच्या मध्ये, तिने स्वानंदीला रोज अर्धा तास शिकवलं होतं. पाण्याच्या बाटल्या मांडून. ही तुझी मैत्रीण, ही तुला अडवणारी. आता बघ, कुठे रिकामं आहे? तिथे. मग जा ना पटकन! आधी जाऊन जागा धर, सोनू. आणि मग कुणीही आलं, काहीही म्हणालं, तरी हलायचं नाही. स्वानंदी विचारत होती, पण आई, बॉल कधी येणार? येईल. तू तिथे असलीस की येईलच. वरच्या मजल्यावरचे आप्पाजी कठड्यावरून बघून म्हणाले होते, ‘सरी, सरी, बरोबर, चांगली प्रॅक्टिस आहे.’ प्रणिता घामाघूम झाली होती आणि कित्येक महिन्यांनी तिला मनापासून आनंद झाला होता. काहीतरी येतं आपल्याला. काहीतरी देता येतं.

शिट्टी झाली. पाणी. प्रणिता उठली तेव्हा तिला नक्की कशाचा राग आहे ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं, पण राग होता, आणि पाय चालत होते, आणि ठकुबाई मागून म्हणत होत्या, “सावकाश गं, अक्का.” जवळून बघितल्यावर सुप्रीता अगदीच लहान वाटली. चोवीस-पंचवीसची, नाकात चमकी, गळ्यात शिट्टीची दोरी, कपाळावर घामाने पुसट झालेलं कुंकू. आमची मुलं आम्ही कुणाच्या हवाली करतो, प्रणिताच्या मनात आलं.

“मिस, तुम्ही माझ्या मुलीच्या जागी कोन ठेवलात,” ती हिंदीत म्हणाली. आवाज हवा त्यापेक्षा वर गेला. पाण्याच्या बाटल्या तोंडाला लावलेल्या दोन-तीन पोरी वळून बघायला लागल्या.

“हो मॅडम. तिला बाहेरून दिसावं म्हणून.”

“काय दिसावं? की ती नसली तरी चालतं?”

“अय्यो, तसं नाही.” सुप्रीताने टी-शर्टच्या बाहीने तोंड पुसलं. “ती उभी राहते. सगळ्यांच्या आधी जाते, खूप फास्ट आहे तुमची मुलगी, सगळ्यांत फास्ट, आणि जाऊन उभी राहते. मग तिला अडवणारीही उभी. बाकीच्यांना वाटच राहत नाही. मी समजावलं, करून दाखवलं, हाताला धरून पळवलं. ऐकते, मान हलवते, परत जाऊन उभी राहते. मी दमले मॅडम.”

“म्हणून सगळ्यांसमोर अपमान करायचा? दहा वर्षांची आहे ती. तुम्हाला मुलं आहेत?”

हे बोलायला नको होतं. बोलून झालं होतं. सुप्रीताने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली आणि सोडली.

“चुकलं असेल माझं,” ती म्हणाली, पण मऊ नव्हे, सरळ. “पण एक सांगा. हे तिच्या स्वतःच्या डोक्यातलं नाही. कुणीतरी पक्कं शिकवलंय, आधी जा आणि हलू नकोस. मी विचारलं तर सांगत नाही. कुणी शिकवलं?”

मागे बाटलीचं झाकण फिरवल्याचा आवाज झाला. स्वानंदी हातभर अंतरावर उभी होती. कधी आली कोण जाणे. ती आईकडे बघत होती, भीतीने नव्हे, नुसती वाट बघत होती. आणि आजूबाजूला त्या पोरी होत्या, जाळीपलीकडे दोन बाप फोन खाली करून बघत होते, आणि समोर ही चोवीस वर्षांची मुलगी, जिला आत्ताच आपण विचारलं होतं, तुम्हाला मुलं आहेत का. एकच शब्द होता. मी. तो म्हणायला अर्धा सेकंद लागला असता.

“काय माहीत,” प्रणिता म्हणाली. “शाळेत कुणीतरी शिकवलं असेल.”

स्वानंदीने झाकण लावलं. बाटली पायरीवर ठेवली. “मिस, मी जाऊ आत?” तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती गेली.

प्रणिता पायरीवर परत येऊन बसली. तिचे कान तापले होते. का केलं आपण असं? करायचं नव्हतं. ते आपोआप झालं, पाय जिन्यावरून घसरावा तसं. नाही, घसरतो तो पाय. आपण बोललो, पूर्ण वाक्य, त्यात ‘असेल’सुद्धा घातला, नीट. तिला सुप्रीताचा राग आला, इतक्या लोकांत विचारलं म्हणून. त्या दोन बापांचा आला. शुभंकरचा आला, जो शनिवारी झोपलेला असतो आणि ज्याला असं कधीच कुणी काही विचारत नाही. बाबांचा आला, मग लगेच ओशाळली, कारण बाबांनी बिचाऱ्यांनी काय केलं, आईच्या पाठीला चार तास आधार मिळावा म्हणून पोरीला खिडकीतून आत सोडलं. राग फिरून फिरून सगळ्यांच्या दारात गेला आणि कुणीच त्याला आत घेतलं नाही. मग तो तिच्याकडेच आला आणि बसला.

“पोर बघ तुझी,” ठकुबाईंनी तिला कोपराने ढोसलं.

स्वानंदी पळत होती. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना ती भलतीकडेच, रेषेच्या कडेला, काही देणंघेणं नसल्यासारखी रेंगाळली. अडवणारीने तिच्यावरची नजर काढली. चेंडू वर उचलला गेला, आणि ही दोन पावलं डावीकडे टाकून उजवीकडे वळली, अशी वळली की प्रणिताला आपल्याच पोटात ते वळण जाणवलं, आणि जिथे कुणीच नव्हतं तिथे एकदम ती होती, हात वर, चेंडू हातात. दिला. लगेच निघून गेली. तिच्या जाण्याने झालेल्या वाटेने मैत्रेयी आत शिरली. “सूपर!” सुप्रीता ओरडली, “हेच, हेच!” पुन्हा झालं. पुन्हा. प्रत्येक वेळी वेगळ्या जागी, आणि कुठल्याच जागी ती थांबली नाही. ठकुबाई शेंगांची परात बाजूला ठेवून टाळ्या वाजवायला लागल्या. “वाजीव की तूबी!” प्रणिताने हात जवळ आणले. ते वाजले नाहीत. तिच्यापुढे तिची मुलगी इतकी सुंदर खेळत होती आणि तिला सारखं वाटत होतं, ही त्या वाक्यामुळे खेळतेय. शाळेत कुणीतरी शिकवलं असेल. बरं. ज्याने कुणी शिकवलं त्याचं मग ऐकायची गरज नाही. इतके शनिवार एकटीने धरून ठेवलेली गोष्ट तिने हातातून टाकून दिली आणि तिचे पाय सुटले.

सात नावं झाली. तिसरं स्वानंदीचं होतं. तिने उडी मारली नाही, निळी बंडी काढून ढिगावर टाकली आणि पिशवी घेऊन आली. स्कूटर मैदानाच्या फाटकाबाहेर, होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली होती. प्रणिताने तिला हेल्मेट दिलं.

“काय मस्त खेळलीस गं शेवटी.”

“हं.”

“झालं ना सिलेक्शन! चल, इडली-वडा खाऊन जाऊ.”

“नको.”

स्वानंदी हेल्मेटचा पट्टा लावत होती. तो तिला कधी नीट लागत नसे. प्रणिता वाकली तर ती मागे सरकली आणि स्वतःच लावत राहिली.

“मिसने आधीपण विचारलं होतं,” ती म्हणाली, खाली बघत. “तीनदा. कुणी शिकवलं म्हणून. मी नाही सांगितलं.”

“का गं?”

“तुला बोलल्या असत्या ना. सगळ्यांसमोर.” पट्टा टक् करून लागला. “मला बोलल्या तर चालतं. मी तुझंच करत होते. मला कळत होतं बॉल येत नाहीये. पण तू म्हणाली होतीस येईल.”

रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला. रिक्षावाल्याने हॉर्न दिला, स्कूटर अर्धी रस्त्यात होती. स्वानंदीने काच खाली केली. काचेत प्रणिताला झाडाच्या फांद्या दिसल्या, आपलं वाकडं तोंड दिसलं, मुलगी दिसली नाही.

“इथेच थांब,” ती म्हणाली. “झाडाला धरून. हलू...” तिने ते वाक्य पुरं केलं नाही.

ती फाटकातून आत गेली. लहान मुलांची तुकडी सुरू झाली होती, सहा-सात वर्षांची, चेंडू त्यांच्या पोटाएवढे. मधोमध सुप्रीता उकिडवी बसून कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधत होती. ते दोन बाप अजून होते. आता आणखी आया आल्या होत्या, त्यांच्या गप्पा थांबल्या. प्रणिता रेषा ओलांडून सरळ आत गेली, आणि एका पोराच्या हातातला चेंडू तिच्या घोट्याला लागून भलतीकडे घरंगळला.

“मिस. मैंने सिखाया था.”

सुप्रीताने वर बघितलं. नाडी हातातच होती. “क्या, मॅडम?”

“स्वानंदीला. आधी जाऊन उभी राहा, हलू नको, ते मी शिकवलं. शाळेत कुणी नाही. मी मघाशी खोटं बोलले.”

“ओह,” सुप्रीता म्हणाली. “ठीक आहे, मॅडम. आता ती—”

“मी शिकवलं होतं!” प्रणिता आता मराठीत ओरडली. आवाज चिरका झाला, जाळीवरचे दोन कावळे उडाले, आणि एक लहान पोर घाबरून सुप्रीताच्या पायाला बिलगलं.

“मॅडम, मॅडम, मला ऐकू येतंय.”

“तुम्हाला नाही सांगत आहे मी,” प्रणिता म्हणाली. ती फाटकाकडे तोंड करून उभी होती. फाटकापलीकडे, होंगेच्या सावलीत, मोठ्या डोक्याची एक बारीक आकृती या दिशेला वळलेली होती. काच खालीच होती. तिला ऐकू गेलं की नाही ते एवढ्या लांबून कळेना. म्हणून प्रणिताने श्वास घेतला आणि परत एकदा, आणखी मोठ्याने सांगितलं.